वर्षातले सर्वोत्तम गाणे कोण ठरवते?

डिसेंबर उजाडला की संगीतप्रेमींमध्ये एक ठरलेला वाद सुरू होतो. सरत्या वर्षातील सर्वोत्तम अल्बम कोणता, आणि मोठ्या अपेक्षा निर्माण करून निराशा पदरी टाकणारा अल्बम कोणता? मित्रमंडळींच्या बैठकीत, महाविद्यालयाच्या उपाहारगृहात, कॅसेट-सीडीच्या दुकानांच्या काळात दुकानाच्या फळीपाशी आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हा वाद रंगत आला आहे. याद्या बदलतात, माध्यमे बदलतात. पण ‘हे गाणे वर आणि ते खाली कसे?’ हा प्रश्न बदलत नाही.

हा वाद नवा नाही आणि तो केवळ महानगरांचाही नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत त्याला ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि नियम मिळाले ते १९५२ मध्ये, एका परदेशी नभोवाणी केंद्रामुळे. त्या केंद्राचा आवाज मुंबईच्या चाळीत आणि बुलडाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या, रेल्वे न पोचलेल्या तालुक्याच्या गावी एकाच क्षणी ऐकता येत असे. वर्षाचा कौल आणि काळाचा कौल यांत अंतर का पडते, हे समजून घ्यायचे तर या सत्तर वर्षांच्या मोजणीचा इतिहास पाहावा लागतो.

‘अल्बम’ म्हणजे नेमके काय?

वादातील अर्धी खडाजंगी व्याख्येतून उद्भवते. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो छायाचित्रांच्या वहीवरून. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेत आणि एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. दीर्घ रचना ऐकवायची तर अनेक तबकड्या लागत आणि त्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत विकल्या जात. ती वही म्हणजे अल्बम. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मंद गतीने फिरणारी दीर्घ तबकडी, म्हणजे एलपी आणली. वहीची गरज संपली, नाव मात्र टिकले.

भारतात चित्रपटांची गाणी दीर्घकाळ ७८ फेऱ्यांच्या सुट्या तबकड्यांवरच निघत. चित्रपटात आठ गाणी असली तरी श्रोता आपल्या ऐपतीप्रमाणे एखादीच तबकडी विकत घेई. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातील रसिक गाण्यावर वाद घालत, पूर्ण संचावर क्वचितच. एलपी रुळल्यावर आणि पुढे ध्वनिफीत घरोघरी पोचल्यावर एकेका चित्रपटाच्या ‘सगळ्या गाण्यांचा’ एकत्रित विचार होऊ लागला.

मराठीत आरंभापासून अंतापर्यंत एका सूत्राने बांधलेल्या संग्रहाची उदाहरणे आहेत. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९७४ मध्ये निघालेला ‘शिवकल्याण राजा’ हा हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतातील, लता मंगेशकर यांनी गायलेला आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन असलेला संग्रह हे त्यातील ठळक उदाहरण. गाण्यांचा क्रम बदलला तर अर्थ बिघडेल, अशी त्याची रचना आहे. उलट, अजय-अतुल यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) गाणी अवघी चार. लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंदासह त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वर्षी महाराष्ट्रात तो संच सर्वत्र वाजला. परंतु चार गाण्यांच्या संचाला दहा गाण्यांच्या संग्रहाशेजारी बसवून तोलायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही यादीपुढे उभा राहतोच. ज्याला तो ओलांडून पुढे जायचे असेल, त्याने गाणे मोजतो आहोत की संच, एवढे आधी सांगितलेले बरे.

चिखली ते कोलंबो

१९५२ मध्ये चिखली महाराष्ट्रात नव्हती. कारण महाराष्ट्र राज्यच नव्हते. बुलडाणा जिल्हा वऱ्हाडाचा भाग म्हणून त्या वेळच्या मध्य प्रदेशात होता आणि राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. खामगाव-जालना मार्गावरील या गावाला रेल्वे मिळावी, ही मागणी शतकाहून जुनी आहे. अशा गावी नव्या गाण्याची तबकडी, संगीताचे साप्ताहिक किंवा नवा चित्रपट हे सारे रस्त्याने, उशिरा पोचणार हे उघड होते. रेडिओच्या लहरींना मात्र रुळांची गरज नव्हती.

त्याच सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः मराठी आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. चित्रपटगीतांचा दर्जा घसरतो आहे, असे त्यांचे मत होते. गाण्यांचे प्रमाण कमी करण्याबरोबरच प्रसारणात चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात ठरते, अशी भूमिका खात्याने घेतली. निर्मात्यांनी चिडून प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. लक्षावधी श्रोते अचानक पोरके झाले.

ही पोकळी भरून काढली ती रेडिओ सिलोनने. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या हाती आले होते. लघुलहरी आकाशातील आयनांबराच्या थरावर आपटून परत जमिनीकडे येतात; म्हणून शेकडो किलोमीटरवरील केंद्र स्पष्ट लागते आणि जवळचे कधी कधी लागत नाही. चिखली ते कोलंबो हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. लघुलहरींच्या दृष्टीने हे अंतर सोयीचेच. आवाज कमीजास्त होई, खरखर येई, पण गाणे पोचत असे. वऱ्हाडातील श्रोता आणि मुंबईतील श्रोता यांच्यातील अंतर पुसण्याचे काम या तांत्रिक योगायोगाने केले.

गीतमालेचा हिशेब

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. प्रायोजक होती बिनाका टूथपेस्ट बनविणारी सीबा कंपनी आणि निवेदक होते वीस वर्षांचेही न झालेले अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती कोलंबोला पाठविल्या जात. सुरुवातीचे स्वरूप क्रमवारीचे नव्हतेच. सात गाणी कोणत्याही क्रमाने ऐकविली जात. त्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी श्रोत्यांनी लावून पाठवायची आणि जुळणाऱ्या उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस, अशी ती स्पर्धा होती. पत्रे हजारोंनी येऊ लागली आणि पुढे त्यांचा आकडा आठवड्याला साठ हजारांच्या घरात गेला. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर १९५४ च्या अखेरीस कार्यक्रम खऱ्या अर्थाने क्रमवारीचा झाला. खालच्या पायदानापासून वर चढत जाणारी गाणी आणि दीर्घकाळ टिकलेल्या गाण्याला बिगुलाच्या घोषात ‘सरताज गीत’ म्हणून दिलेला निरोप, हे रूप मग घरोघरी पाठ झाले.

जगातील समांतर घटना पाहिल्या तर या प्रयोगाचे मोल कळते. ब्रिटनमधील पहिली विक्रीनुसारची गीतक्रमवारी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, म्हणजे गीतमालेच्या तीनच आठवडे आधी. तिच्यामागे होते जेमतेम वीसेक दुकानांना केलेले दूरध्वनी. संगीताची लोकप्रियता मोजण्याची कल्पना दोन्हीकडे एकाच हंगामात रुजली.

फरक होता तो मोजण्याच्या साधनात. गीतमालेत एका बाजूला तबकड्यांच्या विक्रीचे आकडे घेतले जात आणि दुसऱ्या बाजूला श्रोता संघांची मते. केवळ विक्री पाहिली तर तबकडी परवडणाऱ्यांचाच कौल मोजला जाणार, आणि दुकानातील साठा संपला तर लोकप्रिय गाण्याची विक्रीही शून्य दिसणार. केवळ पत्रे मोजली तर एकाच हाताने लिहिलेल्या शेकडो पत्रांची भर पडण्याचा धोका. संघाच्या मतामुळे अनेक श्रोत्यांची एकत्रित पसंती नोंदविली जाऊ लागली. झुमरी तलैया, राजनांदगाव, भाटापारा ही नावे सबंध देशाला ठाऊक झाली ती फर्माइशींमुळेच. ज्या गावात तबकड्यांचे दुकान नव्हते, त्या गावालाही मत होते. लहान गावातील श्रोत्याच्या दृष्टीने गीतमालेचे हे सर्वांत मोठे देणे म्हणावे लागेल.

आकाशवाणीलाही अखेर वळावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्यावरील जाहिरातींचा आरंभ मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून झाला. गीतमाला मात्र १९८८ पर्यंत सिलोनवरच राहिली. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली आणि १९९४ मध्ये थांबली. नव्या शतकाच्या आरंभी काही काळ तिचे पुनरुज्जीवनही झाले. अमीन सयानी यांचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निधन झाले.

तीन वर्षे, तीन वाद

गीतमालेच्या वार्षिक याद्या आणि १९५४ पासून दिले जाणारे फिल्मफेअर पुरस्कार हे रसिकांच्या वादाचे दोन खांब. एकात श्रोत्यांचा कौल, दुसऱ्यात पुरस्काराचा. दोन्ही समोर ठेवले की काही वर्षे डोळ्यांत भरतात.

पहिले वर्ष १९६०. त्या वर्षी ‘मुगल-ए-आझम’ आला. नौशाद यांनी दरबारी थाटापासून करुण रसापर्यंत सारे काही त्यात उभे केले. तरीही गीतमालेत वर्षाचा पहिला क्रमांक रोशन यांच्या ‘बरसात की रात’च्या शीर्षकगीताला मिळाला आणि फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार गेला शंकर-जयकिशन यांच्या ‘दिल अपना और प्रीत पराई’ला. येथे न्याय-अन्यायाची भाषा जरा जपून वापरायला हवी. रोशन यांचे ते गीत आजही तितकेच ताजे आहे. वर्षच इतके समृद्ध होते की कोणताही निकाल कोणावर तरी अन्याय करणार होता.

दुसरे वर्ष १९६६. सचिनदेव बर्मन यांचे ‘गाइड’चे संगीत आणि शंकर-जयकिशन यांचे ‘सूरज’चे संगीत फिल्मफेअरमध्ये आमनेसामने आले. ‘गाइड’ला सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री असे महत्त्वाचे पुरस्कार मिळाले, संगीताचा मात्र ‘सूरज’ने नेला. गीतमालेतही १९६६ चे अग्रगीत ‘सूरज’चेच होते. म्हणजे या वेळी श्रोते आणि परीक्षक यांच्यात एकमत होते. आज संगीताच्या चर्चेत ‘गाइड’चा संपूर्ण संच उदाहरण म्हणून घेतला जातो, तर ‘सूरज’ प्रामुख्याने एका गाण्यासाठी आठवला जातो. हे एक गाणे लग्नाच्या वरातीत आजही वाजते, हेही विसरता येत नाही. गाण्याला मत द्यायचे की संचाला, हा प्रश्न कळीचा आहे तो यामुळेच. एका गाण्याच्या कसोटीवर ‘सूरज’ जिंकू शकतो. अल्बमच्या कसोटीवर त्याचे समर्थन करणे कठीण जाते.

तिसरा वाद १९७२ सालातील चित्रपटांचा. ‘पाकिझा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच निवर्तले होते. चित्रपट १९७२ मध्ये पडद्यावर आला आणि गाणी अजरामर ठरली. फिल्मफेअरने संगीताचा पुरस्कार दिला तो शंकर-जयकिशन यांच्या नावावरील ‘बेईमान’ला. त्याच ‘बेईमान’मधील भूमिकेसाठी अभिनेते प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. गुलाम मोहम्मद यांना डावलले गेले म्हणून त्यांनी तो नाकारला. आपल्याच चित्रपटाच्या संगीताला मिळालेल्या पुरस्काराचा निषेध म्हणून स्वतःचा पुरस्कार सोडणे, हे रसिकांच्या वादाला कृतीची जोड मिळाल्याचे दुर्मीळ उदाहरण आहे.

याच्या उलट दिशेचाही एक दाखला आहे. मदन मोहन यांना हयातीत फिल्मफेअरचा पुरस्कार कधीच मिळाला नाही. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आलेल्या ‘लैला मजनू’मधील त्यांचे गाणे १९७७ च्या गीतमालेत अव्वल ठरले. पुरस्कारांनी जे दिले नाही ते श्रोत्यांनी दिले, पण ते स्वीकारायला संगीतकार उरला नव्हता.

वर्ष म्हणजे कोणते वर्ष?

‘या वर्षीचा’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. १९९० च्या गीतमालेत पहिला क्रमांक ‘आज का अर्जुन’मधील गाण्याने पटकावला. नदीम-श्रवण यांचा ‘आशिकी’ त्याच वर्षीचा. परंतु तो वर्षाच्या उत्तरार्धात आला. बारा महिन्यांची बेरीज करताना उशिरा आलेल्या संगीताला कमी आठवडे मिळतात. विक्रीत आणि फिल्मफेअरमध्ये पुढे ‘आशिकी’नेच बाजी मारली.

मराठीतही तारखांचा घोळ आहे. ‘जोगवा’ रसिकांनी चित्रपटगृहात पाहिला २००९ मध्ये. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना आणि गायनासाठी हरिहरन व श्रेया घोषाल यांना मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार आहेत २००८ या वर्षाचे. ‘नटरंग’ प्रदर्शित झाला १ जानेवारी २०१० रोजी. सर्वोत्तम मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो मात्र २००९ साठी. कारण राष्ट्रीय पुरस्कारांत प्रदर्शनाची तारीख पाहत नाहीत, सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची पाहतात. दोन रसिक एकाच अल्बमवरून भांडत असतील आणि एकाच्या यादीत तो असेल, दुसऱ्याच्या नसेल, तर अभिरुचीला दोष देण्याआधी दिनदर्शिका पाहावी.

निराशा कशाला म्हणायचे?

वाईट अल्बम आणि निराश करणारा अल्बम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती तो अल्बम निराश करू शकत नाही. निराशा मोजली जाते ती आधीच्या उंचीपासून. म्हणूनच निराश करणाऱ्या अल्बमच्या याद्यांत नवख्यांपेक्षा थोरांचीच नावे अधिक असतात, आणि तो एका अर्थाने त्यांचा गौरवच असतो.

निराशेचे प्रकारही निराळे. ‘शोले’चे (१९७५) उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राहुलदेव बर्मन तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते आणि चित्रपट त्या काळातील सर्वांत मोठा. गाण्यांच्या तबकडीचा खप मात्र सुरुवातीला अपेक्षेइतका झाला नाही. श्रोते चित्रपटगृहातून संवाद घोकत बाहेर पडत होते, हे ध्यानात आल्यावर पॉलिडोर कंपनीने संवादांची तबकडी काढली आणि तिचा विक्रमी खप झाला. संगीत कमी पडले असे म्हणावे, की चित्रपटातील शब्दांचा आवाज संगीतापेक्षा मोठा झाला असे म्हणावे? ‘निराशा’ या एका शब्दात दोन्ही शक्यता दडलेल्या आहेत.

दुसरा प्रकार आहे तो उशिरा उमगणाऱ्या संगीताचा. ए. आर. रहमान यांच्या चाहत्यांमध्ये एक वाक्प्रचार रूढ आहे : पहिल्या ऐकण्यात निराशा, पाचव्या ऐकण्यात व्यसन. त्यांच्या ध्वनिरचनेत अनेक थर एकावर एक चढविलेले असतात आणि मुखड्याची ओळख पटायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात झालेला निकाल अशा संगीताच्या विरोधात जातो. २००९ मध्ये रहमान यांचा ‘दिल्ली-६’ आणि अमित त्रिवेदी यांचा ‘देव डी’ यांवरून रसिकांत असेच दोन तट पडले. फिल्मफेअरने ‘दिल्ली-६’ला कौल दिला, राष्ट्रीय पुरस्काराने ‘देव डी’ला. एकाच वर्षी दोन परीक्षक मंडळांनी दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले.

तिसरा प्रकार पुनरावृत्तीचा. गाजलेल्या सूत्राची नक्कल त्याच संगीतकाराने केली की श्रोता आनंदित होण्याऐवजी खट्टू होतो. येथे निराशा वेगळी असते. चाल वाईट नसते, पण ती आधी ऐकलेली असते. हे तीन प्रकार वेगळे केले तर ‘मला आवडले नाही’ या विधानापुढे चर्चा सरकू शकते.

मोजणीच्या बाहेरचे संगीत

कोणतीही यादी आपल्याला काय ऐकू आले एवढेच सांगते. काय ऐकू आले नाही हे सांगत नाही. हिंदी गीतमालेत मराठी गाण्याला जागा नव्हती. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते महाराष्ट्रात अफाट लोकप्रिय झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या या निर्मितीला त्या वर्षीच्या कोणत्याही गीतक्रमवारीत स्थान नव्हते, कारण तिला मोजणारी क्रमवारीच नव्हती.

ऐंशीच्या दशकात ध्वनिफितीने बाजार उलथवला. तोवर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. फीत स्वस्त, तिच्या प्रती काढणे सोपे आणि ती वाजविणारे यंत्र खांद्यावर नेण्याजोगे. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी किमती पाडल्या आणि गावोगावच्या पानटपरीवरही फिती मिळू लागल्या. याचा मोठा लाभ प्रादेशिक आणि लोकसंगीताला झाला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीते, भीमगीते, कोळीगीते, पोवाडे यांच्या फिती यात्रांच्या पालांत, बसस्थानकांवर आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत विकल्या जात. एसटीच्या स्थानकावर किंवा आठवडी बाजारात वाजणाऱ्या या गाण्यांचा हिशेब मोठ्या शहरांतील वार्षिक याद्यांत जवळजवळ नसे. त्यात बनावट फितींची भर. त्यांची नोंद तर कोणीच ठेवत नव्हते.

म्हणजे गीतमालेच्या काळात लहान गावाला मत होते, पण आवड हिंदी चित्रपटगीतांपुरती मोजली जात होती. ध्वनिफितीच्या काळात लहान गावाला हवे ते संगीत मिळाले, पण मत नोंदविण्याची जागा गेली. विदर्भातील श्रोत्याने त्या वर्षांत खरोखर काय ऐकले, याचे उत्तर जुन्या याद्यांत शोधून सापडणार नाही. ते जुन्या फितींच्या खोक्यांत आणि लोकांच्या आठवणीत शोधावे लागेल.

आकड्यांचा नवा काळ

आज प्रत्येक ऐकणे नोंदले जाते. स्पॉटिफायवर, जे भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरतात. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ने २०१४ च्या अखेरीपासून अल्बमच्या क्रमवारीत १५०० वेळा ऐकणे म्हणजे एका अल्बमची विक्री असे समीकरण स्वीकारले. पुढे पैसे भरून ऐकणाऱ्यांना अधिक आणि मोफत ऐकणाऱ्यांना कमी वजन देण्यात आले. दुकानाचा साठा संपण्याचा प्रश्न मिटला आणि मोजणी अचूक झाली. पण अचूक मोजणी आणि योग्य मोजणी एकच नव्हेत. रात्री झोपताना मंद वाजत राहिलेले गाणे आणि जिवाचा कान करून ऐकलेले गाणे या हिशेबात सारखेच. वर्षअखेर श्रोत्याला त्याने सर्वाधिक ऐकलेल्या गाण्यांची यादी हाती मिळते. सर्वाधिक ऐकलेले म्हणजे सर्वाधिक आवडलेले, हा निष्कर्ष मात्र त्याचा त्याने काढायचा असतो.

केवळ आकड्यांवर विसंबायचे नाही म्हणून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ने सत्तरच्या दशकात समीक्षकांच्या मतदानाची एक पद्धत रूढ केली होती. प्रत्येक समीक्षकाला शंभर गुण मिळत. ते त्याने दहा अल्बममध्ये वाटायचे. एकाला कमाल तीस, किमान पाच. यामुळे केवळ क्रमच नव्हे, तर दोन अल्बममधील अंतरही कळे. पहिला आणि दुसरा यांत एका गुणाचा फरक आहे की वीस गुणांचा, हे कळले की वादाचा सूर आपोआप खाली येतो. मित्रांच्या बैठकीतही ही पद्धत सहज वापरता येण्यासारखी आहे.

सत्तर वर्षांच्या या हिशेबातून रसिकाच्या हाती तीन प्रश्न उरतात. यादीत गाणे मोजले आहे की संच? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? आणि मुख्य म्हणजे, कोणाचे ऐकणे मोजले गेले आणि कोणाचे सुटले? या प्रश्नांची उत्तरे दिल्यावरही मतभेद उरतील, आणि उरावेतच. ‘गाइड’ थोर की ‘सूरज’ लोकप्रिय, याचा निकाल १९६६ मध्ये लागला नाही तसा आजही लागलेला नाही. तो पुन्हा पुन्हा काढला जातो म्हणूनच दोन्ही संच पुन्हा ऐकले जातात.

रेडिओ सिलोनच्या काळात चिखलीसारख्या गावातील श्रोत्याचे मत पोस्टाने जात असे आणि मुंबईच्या मताच्या बरोबरीने मोजले जाण्याची त्याला आशा तरी होती. आता त्या गावातील भ्रमणध्वनीवर वाजलेले प्रत्येक गाणे कोठेतरी नोंदले जाते. त्या नोंदीतून वऱ्हाडाला यंदा काय आवडले आणि कशाने निराश केले, हे कोणी वेगळे काढून सांगत नाही. ते सांगण्यासाठी वर्षअखेरचा वाद तेथेही, तेथील गाण्यांवर, तेथील भाषेत झाला पाहिजे.